उरलेल्या गोळ्या

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेन एवढी मी तपकिरी काचेची औषधाची बाटली आहे. आता जुनी झाले आणि रिकामीही. औषधाला उजेड लागू नये म्हणून आम्हाला असा काळपट रंग देतात. भट्टीतून निघाले, मुंबईहून खोक्यात बसून महाडला आले आणि बाजारपेठेतल्या एका दवाखान्याच्या कपाटात उभी राहिले. माझ्या पोटात उलटी थांबवणाऱ्या बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या. एकोणीसशे साठच्या सुमाराची ही गोष्ट. ते औषध तेव्हा नवीन होते.

भातकापणीच्या दिवसांत पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून प्रयागबाई दवाखान्यात आली. तिच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता. नवरा हैबती तिला धरून उभा होता. डॉक्टरांनी तपासले आणि मला तिच्या हातात दिले.

"सकाळी एक, संध्याकाळी एक. उलटी थांबली की गोळी बंद."

बाहेर रोगी खोळंबले होते, म्हणून डॉक्टरांचे बोलणे एवढ्यावरच संपले. गोळ्या उरल्या तर काय करायचे, ते त्यांनी सांगितले नाही आणि तिने विचारले नाही.

प्रयागबाई बरी झाली. गोळीने तिला गुंगी यायची, तोंडाला कोरड पडायची, पण त्याचे तिला काही वाटले नाही. पदराने पुसून तिने मला देवळीत ठेवले. शेजारणी आल्या की ती मला खाली काढायची. "ही गोळी नाय गो, अमृत हाय!" ती म्हणायची. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

प्रयागबाईची थोरली मुलगी राही. सतरा-अठरा वर्षांची, कामाला चपळ, हसरी. पाचाडच्या बाजूला तिची सोयरीक ठरत आली होती. शिमग्यानंतर एका लग्नाचे जेवण जेवून ती घरी आली आणि तिला उलट्या सुरू झाल्या. प्रयागबाईने लगेच मला काढले. एक गोळी दिली. ती उलटून पडली असेल असे वाटून दुसरी दिली. दुपारी आणखी एक, दिवेलागणीला पुन्हा. आई होती ती. लेकीचे हाल तिला बघवेनात. माझ्यातल्या गोळ्या कमी होत गेल्या, आणि ओरडून सांगायला मला तोंड नव्हते.

उलट्या थांबल्या. पण सकाळी राही अंगणात भांडी घासायला बसली आणि तिची मान आपोआप एका बाजूला वळू लागली. तिने हाताने ती सरळ करायचा प्रयत्न केला. मान ऐकेना. मग डोळे वर चढले, जबडा आवळला, जीभ जड झाली. तिला हाक मारायची होती, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला.

वाडी गोळा झाली. कुणी म्हणाले, वाटेतल्या पिंपळाखालून आली असेल. कुणी म्हणाले, मिरच्यांची धुरी द्या. हैबती घाबरून गेला आणि त्याने कुशाबा भगताला बोलावणे पाठवले.

म्हातारा कुशाबा आला. राहीपुढे बसून त्याने तिचा हात हातात घेतला.

"पोरी, मला वळखतंस? वळखत असशील तर माझं बोट दाब."

राहीने बोट दाबले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

कुशाबा उठला. "हैबती, पोर शुद्धीत हाय. हे माझ्याकडचं काम नाय. धुरी-बिरी काय देऊ नका. डागतरकडं न्या, आत्ताच्या आत्ता."

चादरीची डोली बांधून चौघांनी तिला पोलादपूरपर्यंत उतरवले, तिथून एस.टी.ने महाडला. प्रयागबाईने मला पदराच्या गाठीत बांधून घेतले होते. का, ते ऐका. वाटेत पुन्हा उलटी झाली तर आणखी एक गोळी द्यावी म्हणून! गाडीत तिने झाकण उघडलेही होते. राहीचा जबडा उघडला नाही, म्हणून ती गोळी तेवढी चुकली.

डॉक्टरांना आधी धनुर्वाताची शंका आली. त्यांनी हातपाय बघितले. जखम कुठेच नव्हती. ताप नव्हता.

"कालपासून हिच्या पोटात काय काय गेलं?"

"काय नाय. पेज. नि तुमचीच गोळी," प्रयागबाई म्हणाली.

"माझी? मी हिला कधी दिली?"

तिने पदराची गाठ सोडून मला टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी मला हातात घेतले, हलवून पाहिले, आणि त्यांचा चेहराच बदलला. या गोळीने क्वचित, विशेषतः तरुण माणसांच्या, मानेचे, डोळ्यांचे, जबड्याचे स्नायू असे आवळतात. जास्त गोळ्या गेल्या तर धोका वाढतो. त्यांनी उतारा म्हणून इंजेक्शन दिले. थोड्या वेळाने राहीचे डोळे खाली आले. मग मान सुटली. प्रयागबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"बाई, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. माझ्यातल्या उरलेल्या गोळ्या त्यांनी काढून घेतल्या आणि मला रिकामीच परत दिले. त्रास पुन्हा उलटू शकतो म्हणून राहीला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले.

राहीला बोलता येऊ लागल्यावर तिचे पहिले शब्द होते, "आये, मला समदं ऐकू येत होतं. कोण काय बोललं, समदं."

मित्रांनो, दुखणे तिथेच संपले असते तर बरे झाले असते. पण हैबतीच्या घरी भगत आला होता, एवढीच बातमी पाचाडकडे पोचली. तो काय बोलला ते पोचले नाही. मुलाकडून निरोप येईना. प्रयागबाई स्वतः तिकडे गेली. मी तिच्याबरोबर होते. ओटीवर चार माणसांसमोर तिने मला ठेवले आणि सांगितले, "पोरीला काय लागलेलं नाय. माझ्या हातनं गोळ्या जास्त गेल्या. दोष द्यायचा तर मला द्या."

मुलाचे वडील सयाजी गुळपाणी देऊन म्हणाले, "तुमचं खरंच असंल, बाई. पण लोकांची तोंडं कशी धरायची?"

सोयरीक मोडली. राही त्याबद्दल कधी बोलली नाही, पण चारचौघांत जायचे तिने बरेच दिवस टाळले. प्रयागबाईने तर औषधाचे नावच टाकले.

पुढच्या वर्षी प्रयागबाईचे जुने दुखणे उलटले. प्यायलेले पाणीसुद्धा उलटून पडू लागले, डोळे खोल गेले, तरी ती तोंड उघडेना. "नको ते इख माझ्या घरात," म्हणायची. तेव्हा राहीने मला उचलले आणि ती बापाबरोबर महाडला गेली. डॉक्टर म्हणाले, "रोग्याला पाहिल्याशिवाय गोळी नाही." तिने त्यांना वाडीपर्यंत आणले. त्यांनी तपासून लागतील तेवढ्याच गोळ्या माझ्यात घातल्या. राही दारात आडवी उभी राहिली.

"किती द्यायची? उलटून पडली तर पुन्हा द्यायची का? मान धरली तर काय करायचं? सांगा, मगच जा."

या वेळी डॉक्टरांनी बसून सगळे सांगितले. उलटून पडली तरी मनाने दुसरी द्यायची नाही. मान, जबडा, डोळे ओढू लागले तर गोळी थांबवून थेट दवाखाना गाठायचा.

मग राही आईजवळ बसली. तळहातावर एकच गोळी ठेवली. प्रयागबाई त्या गोळीकडे नाही, लेकीच्या मानेकडे बघत राहिली.

"आये, मी हाय ना इथं. रातभर बसते. उघड तोंड."

प्रयागबाईने तोंड उघडले.

मित्रांनो, माझ्यातले औषध वाईट नव्हते. ते ज्याचे त्यालाच, सांगितले तेवढेच द्यायचे होते. एकाचे उरलेले औषध मायेनेसुद्धा दुसऱ्याला देऊ नका. डॉक्टरांना विचारायला लाजू नका, आणि त्यांनी विचारले तर काय घेतले ते लपवू नका. घरात कुणाला अचानक असे काही झाले तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याचा हात हातात घ्या. त्याला कदाचित सगळे ऐकू येत असेल.