मिरियामबाईंचं मत

निवडणूक जवळ आली की आपल्या घरी काय बोलणं चालतं, ते जरा आठवून पाहा. "खातो हो तो, पण आपल्या कामाला तरी येतो!" असं तुमच्याकडेही कुणीतरी म्हणत असेलच. मिरियामबाईही तेच म्हणायच्या. म्हणून त्यांची गोष्ट तुम्हांला सांगावीशी वाटते.

मिरियामबाई कोकणातल्या. लग्न होऊन मुंबईत आल्या, आणि तिथून इस्रायलला. दक्षिणेकडच्या एका लहानशा शहरात त्यांचं घर होतं. नवरा नाथान वारला होता आणि मुलगा ईलान नगरपालिकेच्या बागखात्यात टेम्पररी होता. साल १९९८. नोव्हेंबरात नगरपालिकेची निवडणूक होती, आणि त्यांच्या सोफ्यावर चहाचा कप घेऊन बसले होते इमॅन्युएलभाऊ वाक्रूळकर. दहा वर्षं नगरसेवक!

भाऊंचे प्रताप सगळ्या गावाला माहीत होते. मुलांच्या मैदानाची जागा त्यांच्या मेव्हण्याला कशी मिळाली, तिथं दुकानं कशी उभी राहिली, पोलीस दोनदा का येऊन गेले, सगळं. पण नाथान गेले तेव्हा दुखवट्याचे सातही दिवस हाच माणूस आमच्या रीतीप्रमाणे मिरियामबाईंच्या घरी जमिनीवर बसला होता. पंधरा दिवसांत ईलानला नोकरीही त्यानंच लावून दिली. असा माणूस वाईट कसा म्हणायचा, सांगा बरं?

"वहिनी," भाऊ म्हणाले, "येत्या गुरुवारी संध्याकाळी हॉलमध्ये मलिदा करा, माझ्या नावानं. तुमच्या हातचा मलिदा खाऊन कोण मला नाही म्हणेल? आणि ईलानच्या कवीउतचं माझ्याकडे लागलं."

कवीउत, म्हणजे नोकरीत कायम होणं. ईलानला घराचं कर्ज होतं, बायको बाळंत झालेली होती. तीन वर्षं ते घर या एका शब्दाची वाट पाहत होतं. मिरियामबाईंनी लगेच होकार दिला.

मलिदा हा बेने इस्रायलांचा, म्हणजे आम्हां कोकणातल्या ज्यूंचा, मोठा जिव्हाळ्याचा विधी. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, भोवती फळं मांडायची आणि एलियाहू हन्नबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घ्यायचं. लग्न ठरलं, आजारी माणूस उठून बसलं, मुलगा सैन्यातून सुखरूप परतला, की मलिदा. नवस कुणासाठी आहे ते मलिदा करणाऱ्या घरच्या माणसानं सगळ्यांसमोर सांगायचं. गावात कुठंही मलिदा असला तरी मिरियामबाईंना बोलावणं यायचं, आणि नारळ खवायला बरोबर त्यांची शेजारीण झेहावा असायचीच.

या वेळी मात्र झेहावाबाईंचा निरोप आला, गुडघा दुखतो. मिरियामबाई चिडल्या आणि तडक तिच्या घरी गेल्या.

"गुडघा दुखतो म्हणे! सकाळी बाजारातून दोन पिशव्या उचलून येत होतीस, ते काय तुझं भूत होतं?"

झेहावाबाई हसल्या नाहीत. "बस. चहा टाकते."

"चहा राहू दे. आधी सांग, झालंय काय?"

"मिरियाम, त्या माणसासाठी मला नारळ खवायचा नाही."

"का ग? सगळेच खातात. हा निदान आपल्या सुखदुःखाला उभा राहतो."

"मीही हेच म्हणत होते. दोनदा मत दिलं त्याला. माझ्या आईला हॉस्पिटलात खाट मिळवून दिली होती त्यानं. पण ईलानच्या जागेसाठी माझा यिशायही इंटरव्ह्यूला गेला होता, ठाऊक आहे ना?"

"हो. दोघं बरोबरच गेले होते की."

"यिशाय पहिला आला होता. ऑफिसातल्या बाईनं मला तेव्हाच सांगितलं. जागा त्याची होती, मिरियाम."

यिशाय! मिरियामबाईंच्या अंगणात खेळून मोठा झालेला पोरगा. आता लांब पेताह तिक्वाला राहत होता, सणावारालाच यायचा. आई इथं एकटी.

"देवा रे! तीन वर्षं माझ्या शेजारी बसतेस, आणि एक शब्द बोलली नाहीस?"

"काय बोलणार होते? नाथान नुकता गेला होता. तुझ्याकडे बघवत नव्हतं ग. म्हटलं, गेली तर आपल्याच घरात गेली नोकरी." झेहावाबाईंचे डोळे भरून आले. "पण आता तू त्याच्या नावानं मलिदा करायला निघालीस, म्हणून बोलते. त्यानं उपकार केला म्हणतेस. त्याच्या खिशातलं काय गेलं? नोकरी गावाची. माझ्या घरातून काढली, तुझ्या घरात टाकली, आणि मतं मात्र दोन्ही घरांची नेली! नोकरी मिळाली म्हणून तू गप्प. खाट मिळाली म्हणून मी गप्प. आणि मिरियाम, ती खाट तरी कुणाची होती? ती पण कुणाच्या तरी आईचीच असेल ना?"

मिरियामबाईंनी झेहावाचा हात हातात घेतला.

घरी येऊन त्यांनी ईलानला सगळं सांगितलं. तो नेहमी मराठीला हिब्रूत उत्तर द्यायचा. त्या दिवशी मराठीतच बोलला, अडखळत; 'इमा', म्हणजे आई, एवढंच हिब्रूत राहिलं.

"म्हणून यिशाय माझा फोन घेत नाही, इमा? मला वाटायचं, तो मोठा झाला, विसरला मला."

"ईलान, मी भाऊंना नाही म्हटलं तर तुझी कवीउत जाईल रे."

"जाईल." तो पाळण्याकडे बघत राहिला. "मला भीती वाटते, इमा."

"मला काय वाटत नाही?"

"तरी मलिदा कर. पण त्याच्या नावानं नको."

गुरुवारी हॉल भरला. भाऊ टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. नवस सांगायची वेळ आली, आणि मिरियामबाई उभ्या राहिल्या.

"हा मलिदा निवडणुकीसाठी नाही," त्या म्हणाल्या. "झेहावाच्या यिशायसाठी आहे. त्याची नोकरी माझ्या घरात आली. मला माहीत नव्हतं. पण मी कधी विचारलंही नाही! एलियाहू हन्नबी त्याला सुखात ठेवो, आणि यिशायनं आम्हांला माफ करावं."

भाऊ कसनुसं हसले. "वहिनी, हे काय भलतंच? नाथान असता तर..."

मिरियामबाईंनी पहिली ताटली भरली आणि स्वतः त्यांच्यासमोर नेऊन ठेवली.

"खा भाऊ. नाथान गेले तेव्हा तुम्ही माझ्या घरी बसलात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्याकडे तुम्हांला जेवण कायम आहे. मलिदा माझा, तो मी देते. मत गावाचं आहे हो. ते उपकार फेडायला कसं देऊ?"

भाऊंनी ताटलीला हात लावला नाही. ते उठून गेले. मग मागून एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "माझ्या दुकानाचं लायसन त्यांनीच काढून दिलं. कुणाचं अडवून दिलं, ते मी कधी विचारलं नाही." आणि पुष्कळांच्या माना खाली गेल्या.

भाऊ त्या वेळीही निवडून आले! पण जेमतेम. आमच्या लोकांच्या वस्तीतल्या मतपेटीत ते पहिल्यांदाच मागे पडले. ईलानला कवीउत मिळाली नाही. जानेवारीत ती टेम्पररी नोकरीही गेली. आता तो किर्यात गातच्या कारखान्यात जातो, पहाटेची बस धरून. पगार थोडा कमी आहे. बायको कुरकुर करते, आणि तिचं काही चुकतं असं नाही.

पण एका शुक्रवारी दुपारी दार वाजलं. दारात यिशाय उभा होता. "मिरियाममावशी, आईनं सांगितलं," एवढंच तो म्हणाला. ईलान आतून आला आणि त्याला पाहून जागीच थांबला. यिशायनं पुढं होऊन त्याला मिठी मारली, आणि दोघं बाप्ये लहान पोरांसारखे रडले.

बंधुभगिनींनो, लबाड माणसं लोकांच्या वाईटपणावर निवडून येतात असं आपण समजतो. तसं नसतं! ती तुमच्याआमच्या चांगुलपणावर निवडून येतात, आपल्याला उपकाराची जाण असते त्यावर. ती जाण कधी सोडू नका. पण कुणी तुमचं काम चुटकीसरशी करून दिलं, तर त्यांना एवढं जरूर विचारा, "माझ्या आधी रांगेत कोण उभं होतं?" आणि मग त्या रांगेतल्या माणसाची आठवण ठेवून मत द्या.