लाडू कुणी खाल्ले

यंत्रावर ३८६ उमटलं तेव्हा महामायेने पहिला संशय यंत्रावरच घेतला. थंडीत ही साखर मोजायची यंत्रं चुकतात, हे तिला माहीत होतं. तिने ते पाच मिनिटं स्वेटरच्या आत काखेत धरून त्याला ऊब दिली, नवी पट्टी घातली आणि वडिलांच्या आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. ९४. म्हणजे यंत्र शहाणं होतं. मग पुन्हा पप्पांचं बोट. ३८१.

"किती?" तिच्या आईने, मनिषाबाईंनी, रजईतूनच विचारलं.

"तीनशेऐंशीच्या वर."

मनिषाबाई उठून बसल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. "अवो, काय खाल्लं तुमी?"

"काय खाणार? तुमच्यासमोरच दोन फुलके खाल्ले राती," आनंदराज म्हणाले.

"समोर दोन. अन् मागं किती?"

आनंदराजांनी उशाची पाण्याची बाटली तोंडाला लावली ती रिकामी होईपर्यंत काढली नाही.

हदगावहून निघून त्यांना नऊ दिवस झाले होते. गाडी अश्वजितची, म्हणजे महामायेच्या थोरल्या भावाची. तो लातूरला तेलाच्या कारखान्यात होता आणि पंधरा दिवसांची रजा काढून आला होता. आनंदराज जानेवारीत ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, आता काय करणार? ते म्हणाले, "माझ्या बापानं छप्पन साली बुद्ध घरात आणला. तिकडं लाहौलातल्या लोकांच्या घरी तो हजार वर्षांपासून हाय म्हणतात. जाऊन बघतो, कसं ठेवलंय त्याला." लोक हसले. पण त्यांनी केलाँगच्या वरचा जुना गोंपा, तिथला विहार, नकाशात शोधून ठेवला होता.

मनालीच्या पुढचा लांब बोगदा ओलांडला आणि पलीकडे सगळं पांढरंच होतं. डोंगर, छपरं, विजेच्या तारासुद्धा. सिस्सू नावाच्या गावात एका आजीबाईंच्या घरी खोली घेतली आणि त्याच रात्री बर्फ पडून पुढचा रस्ता बंद झाला. तिसरा दिवस उजाडला तरी ते तिथेच होते. केलाँग तासाभरावर राहिलं होतं.

आल्या संध्याकाळी पप्पांची साखर १६८ होती. दुसऱ्या दिवशी दुपारी २९०, रात्री ३४०. आणि आता हे.

महामायेला हा चढता आलेख पाहून पप्पांच्या रुमालाची आठवण झाली. हदगावच्या बसस्टँडसमोर गरम जिलेबी मिळते. चार वर्षांपूर्वी, साखरेचा आजार नुकताच निघालेला असताना, पप्पांचा रुमाल धुवायला टाकला तर तो चिकट लागला होता. तेव्हाही ते आधी असेच गप्प बसले होते. मग शपथ घेतली होती, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून. डोकं महामायेचं होतं.

या वेळी गाडीत लाडूंचा डबा होता. मनालीत तिने मोजले तेव्हा चोवीस लाडू होते. काल संध्याकाळी एकवीस.

आणखीही गोष्टी होत्या. पप्पा दिवसातून सात-आठ वेळा काहीही न सांगता बाहेर जात. विचारलं तर "पाय मोकळे करतो" म्हणत. परवापर्यंत जो माणूस प्रत्येक मैलाच्या दगडावरचा आकडा मोठ्याने वाचत होता, तो आता समोरचं शिखर दाखवलं तरी "हाव, छान हाय" म्हणून डोळे मिटायचा. काल दुपारी ती त्यांच्या मागावर गेली. ताज्या बर्फात माग काढणं सोपं होतं. पावलं घरामागच्या गोठ्याकडे गेली होती. ती कोपऱ्याशी पोहोचते न पोहोचते तोच पप्पा समोरून आले, मिशी पुसत.

"काय खाल्लं?"

"बर्फ," ते म्हणाले. "तोंडाला कोरड पडली होती."

बर्फ! तिला ते इतकं लंगडं वाटलं, की तिने पुढे काही विचारलंच नाही.

इन्सुलिनबद्दल मात्र तिच्या मनात शंका नव्हती, कारण ते तिच्या ताब्यात होतं. मागच्या मे महिन्यात हदगावात दोन दिवस लाइट नव्हती, फ्रिजमधली बाटली उष्णतेने वाया गेली आणि पप्पांना नांदेडला दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून बाटलीचा भार तिने घेतला. ती बायोटेक्नॉलॉजी शिकलेली. मध्य प्रदेशातल्या उन्हात बर्फाच्या डब्यातून, ओल्या फडक्यात गुंडाळून तिने ती आणली. सिस्सूच्या खोलीत पत्र्याची शेगडी दिवसरात्र धगधगायची. अंगावर शर्टही नको वाटावा इतकी ऊब. म्हणून तिने बाटली खिडकीच्या दोन काचांच्या मधल्या जागेत ठेवली. सकाळचं ऊन खिडकीवर आलं की लगेच काढून घ्यायची. उष्णतेला तिने इन्सुलिनच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला रस्ता खुला झाल्याची बातमी आली. सकाळची सुई टोचून झाली होती. आजीबाईंचा निरोप घेतला, सामान गाडीत टाकलं, अश्वजितने चावी फिरवली, आणि मागच्या सीटवरून मनिषाबाई म्हणाल्या, "थांब रे."

गाडी चालू, पण जागेवरच.

"मला आज सोक्षमोक्ष पाहिजे," त्या म्हणाल्या. "अवो, इकडं बघा. खाल्ले असतील तर खाल्ले म्हणा. मी ओरडणार न्हाई. पथ्य कडक करू, अन् पुढं जाऊ. पण खोटं बोलून राहिलात तर गाडी इथून मागं वळंल. सरळ हदगाव. खोटं बोलणाऱ्या माणसाला घेऊन मी या डोंगरात फिरणार न्हाई."

"मम्मी, आता रस्ता खुला झालाय," अश्वजित म्हणाला.

"तू गप. तुला काय, तू डायवर."

आनंदराज पुढच्या सीटवर होते. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. वर, वळणाच्या पलीकडे, बर्फ काढणारं पिवळं यंत्र दिसत होतं. त्याच्याही पलीकडे केलाँग.

"हाव," ते म्हणाले. "खाल्ले."

महामायेने श्वास सोडला. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

"किती?" मनिषाबाई.

"पाच."

"पाच! बघ माया, मी म्हणत नव्हते? चल रे, काढ गाडी."

गाडी हलली. महामाया मात्र पाचवर अडकली होती. चोवीस वजा एकवीस तीन होतात. चोरी करणारा माणूस आकडा कमी सांगतो. वाढवून कशाला सांगेल?

"पप्पा," ती सहज आवाजात म्हणाली, "या वेळी लाडू कसे झालेत?"

"चांगले झालेत की."

"गूळ जास्त झालाय ना जरा?"

"न्हाई, बरोबर हाय. तुझ्या मायच्या हातचे तिळाचे लाडू कधी बिघडत न्हाईत."

मनिषाबाईंची मान वळली. "तिळाचे?"

डब्यातले लाडू शेंगदाण्याचे होते. तीळ या वेळी दुकानात जुनाट निघाले म्हणून मनिषाबाईंनी आणलेच नव्हते. डबा हदगावला बांधला तेव्हा आनंदराज शेतावर होते आणि त्यानंतर, हे आता उघडच होतं, त्यांनी त्याचं झाकणही उचललं नव्हतं.

"अश्वजित," महामाया म्हणाली, "तीन लाडू कुणी खाल्ले?"

अश्वजितने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "मी. बोगद्याच्या आधी, डिझेल भरताना. त्यात काय चौकशी बसवायची? साखर मला हाय का?"

"मग आधी बोलला काहून न्हाई, मेल्या?" मनिषाबाई ओरडल्या.

"मला कुणी विचारलं? तुमचा सगळा तपास त्यांच्यावरच चालू होता!"

गाडी एका रुंद जागी थांबली. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीच्या बर्फाच्या भिंती. मनिषाबाई नवऱ्याच्या खांद्याकडे बघत होत्या. "मग न खाता कबूल काहून केलं तुमी?"

"तूच म्हणाली ना, कबूल करा मग पुढं जाऊ," आनंदराज म्हणाले. त्यांचा आवाज खरखरीत झाला होता. "अन् न्हाई म्हणून बघितलं की दोन दिवस. कोण ऐकून राहिलं?"

महामायेच्या डोक्यात एकेक गोष्ट उलटी फिरून नव्या जागी बसायला लागली. तहान. सारखं बाहेर जाणं. नळ गोठलेले, आजीबाई बादल्यांनी पाणी आणतात, म्हणून घरातल्या संडासात जायचा संकोच. धूसर दिसणारी शिखरं. गोठ्यामागे मूठभर बर्फ. यांतलं काहीच लपवाछपवी नव्हतं. वाढलेल्या साखरेची ती लक्षणं होती आणि पुस्तकात ती याच क्रमाने दिलेली असतात. तिने त्यांचे पुरावे केले होते.

पण माणूस खात नाही आणि साखर चढते, तर दुसरं काय बदललं?

तिने पिशवीतून बाटली काढली, तळहातांत हलकेच फिरवली आणि बाहेरच्या उजेडासमोर धरली. हे इन्सुलिन दुधाळ असतं, फिरवलं की सारखं एकजीव होतं. झालं नाही. काचेला आतून बारीक पांढरे कण चिकटले होते, फाटलेल्या दुधासारखे. खोलीतल्या अंधूक उजेडात पप्पांनी सुई भरली तेव्हा तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. तिने फोन उघडून काल रात्रीचं तापमान पाहिलं. उणे नऊ.

प्रयोगशाळेत पहिल्याच महिन्यात तिच्या हातून एक नळी चुकीच्या कप्प्यात गोठली होती. प्रथिन एकदा गोठलं की वितळवून उपयोग नसतो, हे तिथल्या मॅडमनी सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. इन्सुलिनही प्रथिनच, ते ठेवायचं दोन ते आठ अंशांत. दोन्ही आकडे पाठ असूनही हदगावच्या पोरीने आयुष्यभर फक्त आठाचीच भीती बाळगली होती. दोनाच्या खाली जाता येतं, हे तिच्या उन्हाळ्यांनी तिला शिकवलंच नव्हतं.

क्षणभर तिला वाटलं, उंचीमुळे झालं म्हणावं. हवा विरळ आहे, शरीर बिचकतं, कुणालाही पटलं असतं. आणि बाटली हळूच दरीत.

"पप्पा," ती म्हणाली, "इन्सुलिन मेलंय. मी मारलं. खिडकीत ठेवलं, रात्री गोठलं, सकाळी मी काढायच्या आत खोलीच्या उबेने वितळलं. दोन दिवस तुम्ही नुसतं पाणी टोचून घेताय."

मनिषाबाईंनी तोंडावर पदर धरला. अश्वजितने काही न विचारता गिअर टाकला.

"डायवर," त्याची आई हळू म्हणाली, "नीट, पण जल्दी चाल."

केलाँगच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्याने लघवी तपासली, सलाइन लावलं, नवं इन्सुलिन दिलं आणि विचारलं, "मीठा-वीठा कुछ खाया?"

"नहीं खाया," मनिषाबाई आधी बोलल्या. "कुछ भी नहीं खाया इन्होंने. लिख लो."

दुपारी तीनला साखर २४४ आली. खिडकीतून पलीकडच्या डोंगरावर, पार वर, पांढऱ्या भिंतींची एक इमारत दिसत होती. डॉक्टर म्हणाला, आज चढायचं नाही, उद्या सकाळी बघू. आनंदराज डोळे बारीक करून तिकडे बघत होते.

"तोच हाय का?" त्यांनी विचारलं.

"तोच असेल," महामाया म्हणाली.

"असेल म्हंजी? विचारून ये कुणाला तरी."

ती विचारून आली. तोच होता.

निघताना नर्सने नवी बाटली महामायेच्या हातात दिली. तिने ती पिशवीत टाकायच्या आधी आनंदराजांनी हात पुढे केला. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, पण हात काही मागे जाईना. तिने बाटली दिली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, उलटी केली, परत सुलटी केली, बाजारात कोथिंबिरीची जुडी पाहावी तशी. मग शर्टाच्या आतल्या खिशात घालून वरून कोटाची बटणं लावली.

"पप्पा, अंगाला चिकटून नको," तिच्या तोंडून निघालंच. "तीस अंशांच्या वर—"

"गोठंल का?"

"नाही."

"मग राहू दे." दोन पावलं चालून ते थांबले. "टोचायच्या आधी तुला दाखवत जाईन. पण तू बी संशय आला की आधी मला विचारत जा. डब्याला न्हाई."