एका आजाराच्या तीन तऱ्हा

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. माझा जन्म फरिदाबादच्या कारखान्यात झाला. माझ्या बरोबरीचे फ्रिज नव्या फ्लॅटांमध्ये गेले. मी मयूर विहारला डॉक्टर वैजयंतींच्या दवाखान्यात आलो. माझ्या पोटात लशी असतात. तरी लोक त्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्या कोंबतात! पण माझा खरा वैताग वेगळाच आहे.

१९९९ साली वृंदा आली. सातवा महिना चालू होता. तिच्या रक्तात हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू निघाला होता. सोबत सासूबाई कुसुमावती आणि सासरे पद्माकर.

"अहो, एवढं काय टेन्शन!" पद्माकर म्हणाले. "चाळिशीत गाझियाबादच्या फॅक्टरीत होतो तेव्हा मलाही हीच कावीळ झाली होती. सहा महिन्यांत बिल्कुल साफ. उसाचा रस प्यालो, बस्स!"

"काका, तुम्हाला ती चाळिशीत झाली," डॉक्टर म्हणाल्या. "मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा या विषाणूला हुसकावून लावतं, रस प्या नाहीतर नका पिऊ. वृंदाला तो बहुधा जन्मताना आईकडून मिळालाय. तान्ह्या बाळाचं शरीर त्याच्याशी लढतच नाही, मग तो कायमचा मुक्काम ठोकतो."

"पण मला तर काहीच होत नाही," वृंदा म्हणाली.

"वर्षानुवर्षं होत नाही. म्हणूनच तपासण्या सोडायच्या नाहीत. तुझ्या भावालाही तपासून घ्यायला सांग, तोही त्याच आईचा. आणि बाळाला जन्मल्यावर बारा तासांच्या आत लस."

पुढच्या खेपेला वृंदा रडतच आली. सासूबाईंनी तिचं ताट वेगळं केलं होतं! ताटातून हा आजार पसरत नाही, हे डॉक्टरांनी किती वेळा सांगावं? आणि ज्या लशीने बाळ वाचणार, तिला मात्र नकार. "एका दिवसाच्या जिवाला सुई? नको गं बाई!" सांगा, थंड राहणं हेच माझं काम असलं, तरी राग येणार नाही का?

मुलगी झाली त्या सकाळी डॉक्टर माझ्यातली लस बर्फाच्या डब्यात ठेवून स्वतः नर्सिंग होमला गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी परत आल्यावर कंपाउंडरला सांगितलं. कुसुमावती बाळाला उराशी धरून बसल्या होत्या, देईनात. तेव्हा कधी आवाज न चढवणारी वृंदा उठून बसली.

"आई, माझं ताट वेगळं केलंत, मी गप्प बसले. आता बसणार नाही. बाळाला इकडे द्या."

बाळाला लस मिळाली. पुढचे डोसही वेळेवर झाले. वर्षाने तपासणी केली, तर लेक सुरक्षित! कुसुमावतींनी तो कागद डॉक्टरांकडून दोनदा वाचून घेतला.

वृंदाचा थोरला भाऊ नरसिंह मात्र दोन वर्षं "मी तर ठणठणीत आहे, यार" म्हणत राहिला. आला तो पोट फुगल्यावर. चाळिशीतच त्याचं यकृत निबर झालं होतं. औषधं सुरू झाली, पण गेलेलं परत येईना.

"डॉक्टर, मी जन्मलो तेव्हा ही लस का नव्हती?" त्याने विचारलं.

मित्रांनो, दुसऱ्याच्या आजारावरून आपला आजार मोजू नका. तपासणी टाळू नका, आणि बाळाची पहिली लस पहिल्याच दिवशी द्या. नरसिंहच्या वेळी लस नव्हती. तुमच्या वेळी ती आहे, माझ्या पोटात, दार उघडलं की समोर. आता तरी या!