मागचे पाय

तिने तांबड्याचा पुढचा पाय जमिनीवर ठेवला, कमरेवर हात देऊन पाठ सरळ केली आणि हातोडी घेऊन घोड्याच्या मागच्या अंगाला वळली.

“थांब,” सासरे म्हणाले.

ते तांबड्याच्या तोंडाशी दोर धरून उभे होते. कमरेला दवाखान्यातला रुंद पट्टा आवळलेला, त्यामुळे मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागत होतं. गेले पंधरा दिवस त्यांना वाकता येत नव्हतं.

“मागचे राहू दे. मालकीणबाईंना सांगतो, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील.”

“पुढचे नाल नवे आणि मागचे झिजलेले? असं घोडं चालेल का, बाबा?”

“एखादा दिवस चालेल.”

“एक दिवससुद्धा ठेवायचं नाही, असं तुम्हीच सांगता.”

पागेच्या दाराशी घमेलं पालथं घालून घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार बसला होता. तो हसला. “शिकवलेलं अंगाशी आलं की नाही, उस्ताद?”

सासरे हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, बंद केला आणि अवजारांच्या पेटीत ठेवून दिला. प्रत्येक घोड्याला हात लावण्याआधी ते हे करत. त्यावरून तिची आणि त्यांची अधूनमधून बोलाचाली होई. गिऱ्हाईक फोन करतं, लागत नाही, मग दुसऱ्या नालबंदाकडे जातं, असं तिचं म्हणणं. जाऊ दे, असं त्यांचं. मुलगा गेल्यापासून माणूस जरा विचित्र वागणारच, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला होता.

याच पागेत, याच घोड्याच्या मागच्या पायाशी वाकलेला असताना तिचा नवरा गेला होता. चौदा महिने झाले. लाथ छातीत बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

तो जाण्याआधी ती कपडे शिवायची. घरातल्या खिडकीपाशी मशीन होतं, गल्लीतल्या बायकांची कामं होती. नंतर भाऊ माहेरी न्यायला आला, तेव्हा तिने आज जाते, उद्या जाते, असं करत महिना काढला आणि मग गेलीच नाही. सासरे एकटेच टेम्पो काढून कामाला जायचे आणि अर्धं काम टाकून परत यायचे. एका सकाळी ती न विचारता त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी टेम्पो चालू केला. त्यावर दोघांत कधी बोलणं झालं नाही.

हात तिचा बरा होता. खुरात खिळा कुठून घालायचा आणि कुठून बाहेर काढायचा, हे तिला टाक्यासारखं कळलं. “पण टाका चुकला तर उसवता येतो,” सासरे म्हणायचे. “खिळा चुकला तर घोडं लंगडतं. तेव्हा घाई करायची नाही.” लोकांनी सुरुवातीला थट्टा केली. बाई वाकली की घोडं लाजतं का, असं एकाने विचारलं होतं. सासरे म्हणाले होते, घोडं नाही लाजत, तुम्ही लाजा. हळूहळू थट्टा थांबली. मात्र मागचे पाय त्यांनी तिला कधी करू दिले नाहीत. पुढचे तिचे, मागचे त्यांचे. आपल्यावर त्यांचा पुरता भरवसा नाही, असंच ती धरून चालली होती.

“दोर मी धरतो,” मोतद्दार उठत म्हणाला. “तुमची पाठ दुखतेय, उस्ताद.”

“नाही. मीच धरणार.”

तिने तांबड्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर तळहात ठेवला. आधी सांगायचं, मग हात लावायचा, हे तिला पाठ होतं. “चल रे बाबा,” ती हलकेच म्हणाली. तळहात मांडीवरून गुडघ्यापर्यंत आणि तिथून खाली सरकवत नेला. तांबड्याने कान मागे घेतले, मग पुढे केले. पाय उचलून तिने मागे ओढला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. घोड्याचं वजन तिच्यावर आलं तसा घामाचा आणि ओल्या गवताचा वास नाकात भरला. इथेच तो वाकला होता. तिने ते मनातून बाजूला सारलं नाही, नुसतं तसंच राहू दिलं आणि पक्कड उचलली.

जुना नाल निघाला. खूर तासून, कानस मारून तिने नवा नाल बसवून पाहिला, उतरवला, ऐरणीवर दोन ठोके दिले, परत बसवला. पहिला खिळा आत गेला. खिळा नीट जात असला की हातोडीचा आवाज प्रत्येक ठोक्याला घट्ट होत जातो. तो तसा होत गेला.

एकदा तिने मान तिरकी करून पुढे पाहिलं. सासऱ्यांनी कपाळ तांबड्याच्या गालाला टेकवलं होतं आणि दोर हाताला तीन वेढे देऊन गुंडाळला होता. दोर हाताला कधी गुंडाळायचा नाही, घोडं उधळलं तर हात उखडून नेतं, हा त्यांनीच दिलेला पहिला धडा. दुसरा पाय तिने थोडा लवकर आटोपला.

“झालं,” ती म्हणाली.

मोतद्दाराने तांबड्याला अंगणात दोन फेऱ्या चालवून आणलं. टापांचा आवाज एकसारखा येत होता. सासरे कान देऊन ऐकत राहिले. मग त्यांनी दोराचे वेढे सोडवले आणि मालकीणबाईंना काम झाल्याचं सांगायला ऑफिसकडे गेले.

ती नळावर हात धुवायला बसली. मोतद्दार शेजारी बादली भरत होता.

“उस्ताद आता फोन बाजूला ठेवतात, ते बरं करतात,” तो म्हणाला. “त्या दिवसाचा धसकाच घेतलाय त्यांनी.”

“कसला धसका?”

“फोनचा. वाजला म्हणून काढायला गेले, दोर सुटला आणि...” तो थांबला. “जाऊ दे, ताई. कशाला ते आता.”

“सिगारेट पेटवायला हात सोडला होता त्यांनी,” ती म्हणाली. इतक्या लोकांसमोर, इतक्या वेळा हे वाक्य तिने सासऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं की ते तिच्या तोंडून त्यांच्याच आवाजात आलं.

मोतद्दाराने बादली खाली ठेवली. “पागेत सिगारेट? काय बोलता, ताई. वर गवत रचलेलं असतं. मालकीणबाई फाटकातच काडेपेटी काढून घेतात सगळ्यांची. मी तिथेच होतो, खरारा करत होतो शेजारच्या घोडीला. फोन वाजला, उस्तादांनी कानाला लावला, हॅलो म्हणाले. तेवढ्यात घोडं फिरलं.”

नळ चालू होता. तिने तो बंद केला नाही.

त्या दुपारी तिनेच फोन केला होता. पलीकडून सासऱ्यांचा ‘हॅलो’ आला आणि लाइन तुटली. तिने दोनदा परत लावला, कुणी उचलला नाही. तासाभराने मालकीणबाईंचा फोन आला. पुढे आठ-दहा दिवसांनी सासरे आपण होऊन तिच्या मशीनपाशी येऊन उभे राहिले होते. “तुझा फोन आला ना, तेव्हा सगळं ठीक होतं बरं,” ते म्हणाले होते. “तो आरामात काम करत होता. रेंज गेली म्हणून फोन तुटला. हे सगळं त्याच्यानंतरचं.” शेवटच्या क्षणांत तो आरामात होता, एवढंच तिने त्यातून घेतलं होतं. सासरे हे मुद्दाम येऊन का सांगताहेत, असं तेव्हा तिच्या मनात आलं नाही. वर्षभर ती पागांमधून फिरली. गवताजवळ कुणी काडी ओढत नाही, हे तिलाही माहीत होतं. तरीही कधी शंका आली नाही.

टेम्पो ती चालवत होती. सासरे शेजारी ताठ बसले होते, प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटून घेत होते.

“बाबा.”

“हं.”

“फोन चालू करा आता. काम झालं.”

“घरी गेल्यावर करतो.”

“मी तर तुमच्या शेजारीच आहे,” ती म्हणाली. “मी काही फोन करणार नाही.”

सासऱ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. पट्ट्यामुळे ते तसंही जमलं नसतं. बराच रस्ता गेला. मग ते म्हणाले, “मोतद्दार फार बडबड्या आहे.”

“हो,” ती म्हणाली.

पुढच्या खड्ड्याला तिने टेम्पो हळू घेतला.

घरात सासूबाई नवऱ्याशी बोलत नसत. सिगारेटचं ते वाक्य ऐकलं त्या दिवसापासून नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. त्यांचे कपडे वेळेवर धुतले जायचे, औषधं हातापाशी ठेवलेली असायची. बोलणं मात्र सुनेमार्फत. त्यांना सांग विजेचं बिल आलंय. त्यांना सांग डॉक्टरांनी उद्या बोलावलंय. तीस वर्षं सांगत होते सोडा ती सिगारेट, एवढंच त्या एकदा सुनेला म्हणाल्या होत्या, आणि पुढे बोलता आलं नव्हतं.

सासरे बाहेर ओट्यावर खुर्चीत बसले. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. वाटेभर तिने ठरवलं होतं. सिगारेट नव्हती, फोन होता, आणि तो माझा होता. एवढी तीन वाक्यं. मग सासूबाई बोलायच्या थांबल्या, तर आपल्याशी थांबतील. पण त्या माणसाची सुटका होईल.

“आई, तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांग की. पण आधी हे सांग, इतका उशीर का?” सासूबाई पातेल्यात डाव घालून ढवळत होत्या. “दोन वाजून गेले. माझा जीव दाराशी. मला मेला तो फोन लावता येत नाही, नाहीतर केव्हाच विचारलं असतं. आधी बरं होतं, तू घरात असायचीस. लाव गं, विचार निघाले का, म्हटलं की लावायचीस.”

ती स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून उभी राहिली.

त्या दुपारी मशीनवर कुणाचा तरी झगा होता, गळ्याची पट्टी लावायची होती. आतून सासूबाईंची हाक आली होती. अगं, फोन लावून विचार निघाले का, जेवण गार होतंय. येतील हो आई, असं ती म्हणाली होती. दोऱ्याचं टोक तिने दातात धरलं होतं. सासूबाईंनी परत हाक मारली होती. लाव ना गं, मला करमत नाही. मग तिने हातातलं काम ठेवून फोन उचलला होता.

सासऱ्यांना हे माहीत होतं. दुपारचा फोन घरातून कोण करायला लावतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

“हं,” सासूबाई म्हणाल्या. “काय सांगत होतीस?”

तिने मान वर केली. सासूबाई वाट पाहत होत्या. वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला होता.

“तांबड्याला नाल मारले आज,” ती म्हणाली. “मागच्या पायांनासुद्धा. मीच.”

डाव पातेल्यातच थांबला.

“धरलं कुणी होतं?”

“बाबांनी.”

सासूबाईंनी गॅस बारीक केला.

“घट्ट धरलं होतं, आई. एकदाही हात सोडला नाही त्यांनी.”

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. ताट घेतलं, वाढलं, आणि ते स्वतःच उचलून दारापर्यंत गेल्या. ओट्यावर सासरे पाठमोरे बसले होते. दोन पावलांवर. सासूबाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. एवढ्या वेळात ताटातल्या भाजीची वाफसुद्धा कमी झाली असेल. मग त्या परत फिरल्या आणि ताट सुनेच्या हातात दिलं.

“तूच दे,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि त्यांना सांग, भाजी अजून आहे म्हणावं.”

ती ताट घेऊन बाहेर आली. सासऱ्यांनी ते मांडीवर घेतलं, पण जेवायला हात लावला नाही.

“काय म्हणाली?”

“भाजी अजून आहे म्हणाल्या.”

त्यांनी ताटाकडे पाहिलं. आत पळी ठेवल्याचा आवाज झाला. त्यांनी दाराकडे कान दिला.

“आणि तू?” त्यांनी अगदी हळू विचारलं. “तू काही बोललीस तिला?”

“नाही, बाबा.”

सासऱ्यांनी मान हलवली आणि जेवायला सुरुवात केली. ती आत गेली नाही. त्यांचं होईपर्यंत ओट्याच्या कडेला बसून राहिली.