भिंगरीनं हिसकलेला पाइप

गेल्या शिबिरात मुलींच्या पथकाच्या तंबूंची पार चाळण झाली होती. नव्या तंबूंसाठी पैसे जमवायचे म्हणून रविवारी शाळेच्या आवारात गाड्या धुवायचं ठरलं. पथकाच्या ताईंनी पुढारीपण दिलं तेरा वर्षांच्या भिंगरीला. एका जागी टेकणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून तर घरच्यांनी हे नाव पाडलेलं.

सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कुणी चाक घासलं की ही पुन्हा घासायची. कुणी काच पुसली की, "अगं, डाग राहिलाय. सरक, मीच करते." अकरा वाजेपर्यंत निम्म्या मुली बादल्या उपड्या घालून त्यांवर बसल्या होत्या.

"तूच कर की सगळं," तिची मावसबहीण म्हणाली. "आम्ही टाळ्या वाजवतो."

एवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली. पथकात सगळ्यांत धाकटी, जिला सगळ्या बुटकीच म्हणत, ती पाइप घेऊन गाडीभोवती फिरत, एकेक काच चाचपत होती. भिंगरीला कुठला दम निघतोय!

"मुंगीच्या पावलानं काय चाललीयेस? मागे तीन गाड्या खोळंबल्यात!" तिनं पाइप हिसकला आणि फवारा सोडला.

मागची काच उघडी होती. सीट चिंब झाली, वरचा कागदांचा गठ्ठाही. भिंगरीच्या हातून पाइप गळून पडला.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "कुणी केलं हे?"

बुटकीचे डोळे भरून आले. ताई लांब उभ्या होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मी," भिंगरी म्हणाली. "ही काचा बघत होती. मी बघू दिल्या नाहीत."

"मग आता?"

भिंगरी मुलींकडे वळली. "काय करू या गं?"

सकाळपासून तिनं कुणाला काही विचारलं, ते पहिल्यांदाच.

"कागद दोरीवर वाळत घालू," बुटकी पुटपुटली.

मावसबहीण उठली. "सीटवर कोरडे टॉवेल दाबू. दारं उघडून गाडी उन्हात लावा." पाठोपाठ बाकीच्याही उठल्या.

दुपारी डॉक्टरीणबाई सुरकुतलेले कागद घेऊन गेल्या. हसल्या नाहीत, पण धुण्याचे पैसे डब्यात टाकले. काचा तपासणं बुटकीकडे गेलं, चाकं मावसबहिणीकडे. भिंगरी गाड्या आत बोलवायला फाटकाशी उभी राहिली. आत साबणाच्या पाण्यावरून कुणीतरी भांडत होतं. तिचे पाय शिवशिवत होते.

"मिटवा गं तुमचं तुम्ही!" ती ओरडली आणि रस्त्याकडे वळली. "या काका, इकडं घ्या गाडी."