पुंजारामचा चालता धुरा

गुलाबी रंगाच्या, पुढे टोपली असलेल्या लेडीज सायकलवर बसून पुंजाराम निघाले, तेव्हा पारावर बसलेली सगळी मंडळी उठून उभी राहिली. सदुसष्ट वर्षांचा गडी, धोतर खोचलेलं, खिशात नातीची वही. पुंजारामांनी मान काही वळवली नाही. हसणाऱ्याचे दात दिसतात, दिसू देत.

गोष्ट अशी की नात रागिणी सातवी पास झाली आणि गावातली शाळा तिथंच संपली. हायस्कूल पलीकडच्या गावात. डांबरी रस्त्यानं गेलं तर अकरा किलोमीटर, वावरांमधल्या पांदणीनं, म्हणजे गाडीवाटेनं, साडेतीन. बाप गजेंद्र नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात, पाळी कधी दिवसाची तर कधी रातची; पोरीला सोडणार कोण? त्यानं सायकल आणून दिली. सून सीमा मात्र हटून बसली. पांदणीत पोरगी रुतून पडली तर? त्यापेक्षा अकोल्याला मावशीकडे राहू दे. रागिणी रडून रडून गप्प झाली, आणि पुंजारामांना घास उतरेना. घरात बडबड करणारी तेवढी एकच होती, ती गेली तर ओसरीवर नुसतं भिंतीकडे पाहत बसायचं.

शेवटी सीमाच म्हणाली, “मामाजी, तुमीच एकदा चालवून पाहा. पानी पडून गेलं हाय, रस्ता खरा कसा हाय ते आताच दिसते. तुमी खोटं बोलत नाई. तुमी म्हनाल चालते, तं पाठवतो.”

सुनेनं असा मान दिला की सासरा पुरता बांधला जातो.

“आबाजी, जागोजाग लिहून घ्या,” रागिणीनं वही देताना बजावलं. “मायले तोंडी सांगितलेलं पटत नाई.”

सिमेंटचा रस्ता गावाबरोबरच संपला. तिथवर बेस. पुढे उघडी गिट्टी लागली, तिनं म्हाताऱ्याची हाडं खिळखिळी केली. उतरून त्यांनी लिहिलं, ‘गिट्टी. दोनशे पावलं. हातात धरून न्यावी.’ मग आला मुरूम, दाबून बसलेला, लाल, कोरडा. तिथं सायकल अशी पळाली की पुंजारामांना उगाच घंटी वाजवावीशी वाटली. वाजवलीच. ‘मुरूम. एक नंबर.’ नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या फरशीवर, पाणी घोट्याएवढं होतं. ‘येताना जास्त दिसलं तर पलीकडं बेबीताईच्या मळ्यात थांबावं.’

आणि शेजारीण बेबीताईच्या मळ्यासमोर, ऐन पुंजारामांच्या वावरापाशी, सायकल रुतली. काळी माती चाकात आणि मडगार्डात अशी भरली की चाक फिरेना. ना पुढं, ना मागं. काडीनं माती कोरत पुंजाराम उभे राहिले आणि इकडे तिकडे पाहू लागले. बाकी पांदणीतून बैलगाडी सुखानं जाते, इथं जेमतेम एक खाट मावेल. एका बाजूला बेबीताईच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, जुन्या बाभळी, जिथल्या तिथं. दुसऱ्या बाजूला त्यांची स्वतःची कपाशी, चार पानांवर आलेली. वावरातलं सगळं पाणी तिच्यातून थेट रस्त्यात उतरलेलं.

पुंजारामांना सगळं ठाऊक होतं. दरसाल नांगरताना एक तास, नांगराची एक रेघ, पांदणीत सरकायचं, एवढंच. वीस वर्षं. ग्रामसभेत बेबीताई बोलली होती, “भाऊजी, सगळ्यायचे धुरे बसून असते, तुमचा चालून राहिला.” तेव्हा भरसभेत बैलांची शपथ घेऊन त्यांनी तिला खोटं पाडलं होतं.

बेबीताई पलीकडे आपल्या मळ्यात तण निंदत होती. तिनं मान वर केली.

“रुतले का भाऊजी?”

“रुतलो.”

ती पुन्हा निंदायला लागली.

पुंजारामांनी वही काढली. ‘चिखल. वाळला की ठीक,’ असं लिहिलं. काळ्या मातीवर दोष ढकलणं सोपं, ती थोडीच तोंड उघडणार आहे. मग त्यांना डोळ्यांपुढे रागिणी दिसली, दप्तरासकट, याच जागी. त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली बराच वेळ लावून दुसरी लिहिली.

घरी सीमानं वही मोठ्यानं वाचली. गिट्टी, मुरूम, रपटा. शेवटच्या ओळीशी ती अडखळली.

“‘पुंजारामच्या वावरापाशी पांदण नाही. पुंजारामनं खाल्ली. आठ दिवसांत परत करतो.’”

मग तिनं हळूच विचारलं, “मामाजी, कपाशी निंगाली ना तिथं?”

“निंगाली.”

“मंग?”

“उपडतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा ओळी उपटल्या. हात चालत होता, पण जीव तुटत होता, हेही खरं. बेबीताई रस्ता ओलांडून आली, कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

“धुरा परत आनला, बेबीताई. लोकायसमोर तुले खोटं पाडलं होतं म्या.”

तिनं बाभळीपासून पावलं मोजली. “अजून दोन ओळी मांगं, भाऊजी.”

पुंजारामांनी मुकाट्यानं आणखी दोन ओळी उपटल्या. मग पाण्यासाठी नाली खोदली आणि वर दोन ट्रॉल्या मुरूम टाकला.

नवव्या दिवशी सीमा स्वतः पोरीच्या मागून रपटा ओलांडून तिथवर चालत आली. नव्या मुरमावर टाच दाबून पाहिली. रागिणी न उतरता पुढे निघून गेली, आणि सीमानं तिथूनच अकोल्याला बहिणीला फोन लावला.

“नाई पाठवत,” ती म्हणाली. “मामाजीनं रस्ता देला.”

पुंजाराम वावरात पाठमोरे उभे होते. डोळे पुसून झाल्यावरच ते वळले.