अकरा मिनिटं लावणारा संगणक

मित्रांनो, फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, मोडक्या स्टँडच्या आणि विटक्या पडद्यांच्या अडगळीत एक जुना संगणक धूळ खात पडला आहे. तो मी. माझ्या हातून एका घराचं न भरून येणारं नुकसान झालं. ते आज मीच तुम्हाला सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी मी नवाकोरा इथे आलो. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर माझ्यावर चुटकीसरशी उघडे. मालकांची मुलगी, जिला सगळे ताई म्हणत, माझ्यासमोर बसून चेहऱ्यांवरचे डाग पुसायची, मिटलेल्या डोळ्यांच्या जागी उघडे डोळे बसवायची. गिऱ्हाइकं वाहवा करत आणि मी मनातल्या मनात फुगून जाई.

पण वय कोणाला चुकलं आहे? तेच सॉफ्टवेअर उघडायला मला आधी एक मिनिट लागू लागलं, मग चार, मग अकरा. ताईने नको असलेले शेकडो फॉन्ट काढले, आपोआप सुरू होणारे फालतू प्रोग्रॅम बंद केले, साचलेला कचरा उडवला. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

शेवटी दुरुस्तीवाल्या बाई आल्या. माझ्या पेटीला कान लावून म्हणाल्या, "दोष सॉफ्टवेअरचा नाही. हार्ड डिस्क मरायला टेकलीये. आजच्या आज फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. आणि अडकला तर बळजबरीने बंद करू नका."

"आज कसं जमेल? तीन लग्नांची कामं अंगावर आहेत," मालक म्हणाले. "रविवारी बघू."

"बाबा, फोटो गेले तर?"

"अगं, वर्षभर कुरकुरतोय तो. म्हातारं माणूस कुरकुरायचंच."

ती कुरकुर हीच माझी भाषा होती, मित्रांनो. दुसरी मला येत नव्हती.

त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिंपीणबाईंनी मालकांना घरी बोलावलं. त्यांचे यजमान बस चालवत. आता अंथरुणाला खिळले होते. दोन्ही मुलींना जवळ बसवून मालकांनी यजमानांचे बेचाळीस फोटो काढले, माझ्यावर उतरवले आणि पुढच्या लग्नासाठी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं.

शनिवारी सकाळी यजमान गेल्याचा निरोप आला.

त्यांचा एक फोटो छापून द्यायला ताईने लगेच सॉफ्टवेअर उघडायला घेतलं. अकरा मिनिटं झाली, वीस झाली. मी जागचा हलेना. मालक घायकुतीला आले आणि त्यांनी बटण दाबून मला बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. तिसऱ्या वेळी माझ्या आत काहीतरी खटखटलं आणि थांबलं. डिस्क सापडत नाही, एवढंच पडद्यावर उमटलं. दुरुस्तीवाल्या बाईंनी आठवडाभर खटपट केली. एकही फोटो हाती लागला नाही.

शिंपीणबाई आल्या तेव्हा ताईनेच त्यांना खरं सांगितलं.

"सगळेच गेले?"

"सगळेच, काकू."

त्या खुर्चीवर टेकल्या. मग मालकांना म्हणाल्या, "एका फोटोत ते हसले होते म्हणे. धाकटी सांगत होती. मी तेव्हा पाणी आणायला आत गेले होते."

"हो. हसले होते."

"कसे?"

मालकांनी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना आठवेना. आयुष्यभर त्यांनी हसरे चेहरे टिपले होते. लक्षात ठेवायचं काम त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. शिंपीणबाई थोडा वेळ वाट पाहून उठल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

मित्रांनो, माझं काय, मी आज ना उद्या भंगारात जाईन. पण तुमच्या घरातलं यंत्र अडखळू लागलं, तर त्याच्यावर चिडण्याआधी त्याच्या पोटात कोण कोण आहे ते आठवा. त्यांना त्याच दिवशी बाहेर काढा.